झायलोज खाणारं यीस्ट: पऱ्हाटीच्या रसात कितपत टिकतं?

पऱ्हाटीपासून, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांपासून, इथेनॉल करायचं म्हटलं की सगळं बोलणं एंझाइमच्या, म्हणजे काडीतली साखर सोडवणाऱ्या प्रथिनांच्या, किमतीवर जातं, यीस्टची आठवण शेवटी होते. मळीवर चालणारं डिस्टिलरी यीस्ट हाताशी असतंच, तेच टाकू, असं वाटतं. नुकसान तिथेच होतं. पऱ्हाटीच्या रसात दोन मुख्य साखरा असतात: काडीच्या तंतूंमधून, म्हणजे सेल्युलोजमधून, सुटणारं ग्लुकोज आणि तंतूंना वेढणाऱ्या हेमिसेल्युलोजमधून सुटणारं झायलोज. नेहमीचं यीस्ट, म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, ग्लुकोज फस्त करतं. झायलोज त्याला पचत नाही. ती दुसरी साखर स्पेंट वॉशबरोबर, म्हणजे डिस्टिलेशननंतर उरलेल्या पाण्याबरोबर, वाहून जाते आणि वर सांडपाण्याचा भार वाढवते.

हे परीक्षण आहे सी-५ यीस्टचं, म्हणजे जनुकबदल करून झायलोज, ही पाच कार्बनची साखर, पचवायला लावलेल्या यीस्टचं. परवानाधारक कारखान्यांना ते कोरड्या दाण्यांच्या रूपात मिळतं. यवतमाळ-वर्धा-अमरावतीकडची पऱ्हाटी आणि भंडारा-गोंदियाकडचं भाताचं तणीस डोळ्यासमोर ठेवून हे लिहिलं आहे. निकाल आधीच सांगतो: माल कामाचा आहे. पण तो पहिल्या दिवसाच्या फेसावरून पारखता येत नाही. त्याची खरी परीक्षा ग्लुकोज संपल्यावर, दुसऱ्या दिवशी सुरू होते, आणि बरेच जण तेव्हा टाकी रिकामी करायच्या घाईत असतात.

आधी हिशेब. वाळलेल्या पऱ्हाटीत साधारण ३८ टक्के सेल्युलोज आणि २० टक्के झायलान (हेमिसेल्युलोजमधला झायलोज देणारा भाग) धरा. वाण, जमीन आणि तोडणीप्रमाणे हे आकडे मागेपुढे होतात. एक टन कोरड्या मालात ३८० किलो सेल्युलोज, त्याचं पूर्ण विघटन झालं तर ४२२ किलो ग्लुकोज. २०० किलो झायलानचं २२७ किलो झायलोज. प्रत्यक्षात ८० टक्के साखर सुटली तरी चांगलं काम झालं म्हणायचं. एक किलो साखरेतून जास्तीत जास्त ५११ ग्रॅम इथेनॉल मिळतं, दोन्ही साखरांना मर्यादा तीच. ग्लुकोजवर यीस्टची कार्यक्षमता ९० टक्के आणि झायलोजवर ८० टक्के धरली, तर ग्लुकोजचे सुमारे १९७ लिटर आणि झायलोजचे ९४ लिटर. साध्या यीस्टवर तुम्ही १९७ वर थांबता, सी-५ यीस्टवर २९० च्या आसपास जाता.

हे आकडे कोरड्या मालाचे आणि नीट चाललेल्या कारखान्याचे आहेत. मोठ्या कारखान्याचं गणित पाहायचं तर पानिपतचा २०२२ मध्ये उद्घाटन झालेला इंडियन ऑइलचा कारखाना घ्या. वर्षाला सुमारे २ लाख टन भाताच्या तणसापासून ३ कोटी लिटर इथेनॉल, हे त्याचं जाहीर गणित आहे. टनाला १५० लिटर. म्हणून कुणी माहितीपत्रकात टनाला ३०० लिटर दाखवलं, तर ओलावा किती धरला आणि झायलोज कुठल्या यीस्टवर मोजलं, हे दोन प्रश्न विचारा.

लिटरांपेक्षाही मोठा फायदा वाफेत आहे. १५ टक्के घट्टपणाच्या लगद्यातून साध्या यीस्टवर जो वॉश, म्हणजे आंबलेला रस, निघतो, त्यात वरच्या हिशेबाने वजनाला २.३ टक्के इथेनॉल असतं. सी-५ यीस्टवर ते ३.४ टक्क्यांपर्यंत जातं. मळीच्या वॉशची सवय असलेल्या माणसाला दोन्ही आकडे पाणचटच वाटतील. पण ४ टक्क्यांच्या खाली प्रत्येक दशांशाला किंमत असते, कारण तेवढंच इथेनॉल काढायला तितकं जास्त पाणी तापवावं लागतं. बॉयलरवाल्याला हा फरक पहिल्याच पाळीत कळतो.

बाजारात या यीस्टची दोन घराणी आहेत. विकत घेताना आपल्यासमोर कुठलं ठेवलं आहे ते माहीत असायला हवं. पहिलं घराणं एक्सआर-एक्सडीएचचं, ही दोन एंझाइमांची लघुनावं. पिचिया स्टिपिटिस या झायलोज पचवणाऱ्या यीस्टची दोन जनुकं सॅकरोमायसिसमध्ये घालायची आणि त्याचं स्वतःचं झायलुलोकायनेज हे पुढच्या पायरीचं एंझाइम वाढवायचं, हे काम अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात नॅन्सी हो यांच्या गटाने १९९० च्या दशकात केलं. यात झायलोजचं आधी झायलिटॉल होतं, मग झायलुलोज. पहिल्या पायरीला मुख्यतः पेशीतलं एनएडीपीएच हे मदतनीस द्रव्य लागतं आणि दुसरी पायरी एनएडी हे वेगळं मदतनीस मागते. हा देणंघेण्याचा हिशेब पेशीत जुळत नाही, म्हणून वाटेतच झायलिटॉल साचतं आणि बाहेर पडतं. तेवढी साखर इथेनॉलला मुकते.

दुसरं घराणं झायलोज आयसोमरेजचं. एकाच पायरीत झायलोजचं झायलुलोज, आणि ही उसनवारी लागतच नाही. पण जिवाणूंची आयसोमरेज जनुकं यीस्टमध्ये वर्षानुवर्षं नीट चालत नव्हती. शेवटी नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या गटाने २००३ च्या सुमारास पायरोमायसिस नावाच्या बुरशीचं जनुक चालवून दाखवलं. ही बुरशी मिळाली होती भारतीय हत्तीच्या लिदीत. काडीकचरा पचवणाऱ्या जनावराच्या पोटात काडीकचऱ्याची साखर पचवायचं हत्यार सापडावं, यात खरं तर नवल नाही. पण नुसतं एक जनुक घालून भागलं नाही. पुढच्या मार्गातली चार-पाच जनुकं वाढवावी लागली, झायलिटॉल करणारं जीआरई३ हे जनुक काढून टाकावं लागलं, आणि मग झायलोजवर पिढ्यानपिढ्या वाढवून त्यातले चपळ वेचावे लागले.

आमचं मत असं: पऱ्हाटीसाठी आयसोमरेजवालं घ्या. ते सुरुवातीला सुस्त वाटतं, झायलोजवर वेग कमी असतो, पण साखरेचा हिशेब स्वच्छ लागतो. एक्सआर-एक्सडीएचवालं चपळ असतं. ज्यांच्याकडे टाक्या कमी आणि पाळ्या घाईच्या, त्यांनी ते घ्यावं, मात्र वॉशमधलं झायलिटॉल मोजून घ्यावं.

हे यीस्ट काय करत नाही, हेही स्पष्ट हवं, कारण गावोगाव गैरसमज इथेच आहे. हे पाकीट पऱ्हाटीच्या ढिगावर टाकलं की इंधन तयार होत नाही. सेल्युलोज तोडणं यीस्टचं काम नाही. त्याआधी कुटणी, आम्ल-वाफेची प्रक्रिया आणि एंझाइम हे तिन्ही टप्पे लागतातच. यीस्टच्या अंगावरच सेल्युलेज, म्हणजे सेल्युलोज तोडणारं एंझाइम, बसवण्याचे प्रयोग झाले आहेत, पण बाहेरून एंझाइम न देता पऱ्हाटीचा लगदा फोडेल एवढं बळ त्यांत आलेलं नाही. तसं कुणी सांगून विकत असेल तर घेऊ नका.

यीस्टला कसा रस मिळतो ते मागच्या टप्प्यांवर ठरतं, म्हणून तेही थोडक्यात. पऱ्हाटी मुळासकट उपटलेली असते. मुळाची काळी माती झटकली नाही, तर ती आम्ल खाते आणि पंपाची पाती झिजवते. सालीचे लांब धागे चिपरच्या शाफ्टला गुंडाळतात, तासाभरात दोरखंड तयार होतो. आधी मोठे तुकडे, मग जाळीतून ५ ते १० मिलिमीटरचे, असं दोनदा काढलं तर हा त्रास कमी होतो. गुलाबी बोंडअळी न उमललेल्या बोंडात बसून राहते, त्यामुळे पऱ्हाटीचे ढीग शेताजवळ पावसाळ्यापर्यंत ठेवू नका. फरदड (त्याच झाडाचं दुसरं पीक) न घेता डिसेंबर-जानेवारीत उपटलेला माल लगेच कुटून ठेवला, तर कारखान्याचंही भलं आणि पुढच्या हंगामाचंही. तणसाला हा धाग्याचा त्रास नाही, पण त्यातली वाळू, म्हणजे सिलिका, कटरची धार खाते.

आता मुख्य शत्रू: अॅसेटिक आम्ल. ते बाहेरून येत नाही, हेमिसेल्युलोजला चिकटलेले अॅसिटिल गट आम्ल-वाफेच्या प्रक्रियेत सुटतात आणि रसात उतरतात. प्रक्रिया कडक झाली, म्हणजे तापमान किंवा वेळ जास्त, तर झायलोज जळून फर्फ्युरल हे यीस्टला छळणारं द्रव्यही होतं. फर्फ्युरल थोडं असेल तर यीस्ट ते पचवून पुढे जातं, फक्त सुरुवात उशिरा होते. अॅसेटिक आम्ल मात्र शेवटपर्यंत छळतं, आणि ग्लुकोजपेक्षा झायलोजच्या टप्प्यात जास्त, कारण झायलोजवर यीस्टची कमाई कमी आणि आत शिरलेलं आम्ल बाहेर ढकलायचा खर्च तेवढाच.

इथे पीएचचं गणित पाठ असावं. अॅसेटिक आम्लाचा न विघटलेला भागच पेशीत शिरतो. पीएच ४.५ ला हा भाग साधारण ६५ टक्के, ५.० ला ३७ टक्के, ५.५ ला फक्त १५ टक्के. रसात लिटरला ५ ग्रॅम अॅसेटिक आम्ल असेल, तर ४.५ ला यीस्टला ३.२ ग्रॅमचा मार बसतो आणि ५.५ ला पाऊण ग्रॅमचा. यीस्ट तेच, रस तोच, फरक फक्त पीएचचा. मळीच्या कामात पीएच ४.५ च्या आसपास ठेवायची सवय असते, कारण तिथे जंतूंची भीती. ती सवय इथे आणली की सी-५ यीस्ट नापास होतं आणि दोष पाकिटाला लागतो.

अडचण अशी की एंझाइमला पीएच ५ आणि ५० अंश लागतं, यीस्टला ५.५ आणि ३२. दोन्ही एकाच टाकीत एकाच वेळी साधत नाही. म्हणून आधी ५० अंशांवर ४८ तास एंझाइम चालू द्या, लगदा पातळ होऊ द्या, मग थंड करून पीएच वर घ्या आणि यीस्ट सोडा. पीएच चढवायला चुना स्वस्त, पण आम्ल-वाफेच्या प्रक्रियेतल्या सल्फ्युरिक आम्लाबरोबर त्याचा जिप्सम होतो आणि तो डिस्टिलेशनच्या ताटांवर दगडासारखा बसतो. अमोनिया वापरा. त्यातून यीस्टला नायट्रोजनही मिळतो, युरिया कमी लागतो.

युरियाबद्दल एक इशारा. कृषी केंद्रातला अनुदानित युरिया या कामाला वापरू नका. शेतीचा युरिया कारखान्यात वळवणं गुन्हा आहे, आणि तो कडुनिंबाचा लेप दिलेला असतो, ते तेल फर्मेंटरमध्ये जायला नको. तांत्रिक दर्जाचा युरिया वेगळा मिळतो.

१०,००० लिटरच्या टाकीला १० किलो कोरडं यीस्ट, म्हणजे लिटरला एक ग्रॅम. मळीच्या कामात याहून कमी टाकण्याची पद्धत आहे, इथे काटकसर अंगलट येते. १०० लिटर स्वच्छ पाणी ३५ ते ३८ अंशांवर आणा, त्यावर दाणे हळूहळू पसरा, २० ते ३० मिनिटं थांबा. थंड पाण्यात टाकलं तर पेशीची कातडी सावरायच्या आत आतला माल बाहेर गळतो. मग हे भिजवण सरळ रसात ओतू नका. अर्धा रस आणि अर्धं पाणी असं ४०० लिटर करून त्यात चार-सहा तास हवा देत वाढवा. यीस्टला या आम्लाची आणि फर्फ्युरलची तोंडओळख आधी झाली, की मोठ्या टाकीत ते गांगरत नाही. ही पायरी बहुतेक जण वेळ वाचवायला गाळतात. बारा तास टाकी गप्प राहिली तर कारण बहुधा हेच.

पुढे काय दिसतं ते नीट समजून घ्या. पहिल्या १२ ते २४ तासांत फेस चढतो, टाकी गरम होते, सगळे खूश. हे ग्लुकोज आहे. नेहमीच्या यीस्टनेही हेच दाखवलं असतं. मग फेस बसतो. यीस्टच्या अंगावरची साखर आत घेणारी दारं ग्लुकोजसाठी बनलेली असतात, झायलोज त्याच दारांतून जातं, पण ग्लुकोज असेपर्यंत त्याला वाट मिळत नाही. ग्लुकोज संपल्यावर झायलोज हळूहळू जायला लागतं, आणि हा टप्पा ६० ते ७२ तासांपर्यंत चालतो. बाहेरून टाकी झोपल्यासारखी वाटते. ब्रिक्स मीटरवर, म्हणजे विरघळलेल्या साखरेचा अंदाज देणाऱ्या उपकरणावर, विसंबू नका: त्यात लिग्निनचे (काडीला कडक करणाऱ्या घटकाचे) विरघळलेले तुकडे, क्षार, आम्लं सगळंच मोजलं जातं, आणि इथेनॉल वाढलं की आकडा आणखी चुकतो. औषधाच्या दुकानातला ग्लुकोमीटर ग्लुकोज संपलं का एवढं पाहायला चालतो, रस वीस पट पातळ करून. पण पट्टी ग्लुकोज ऑक्सिडेजची आहे याची खात्री करा. काही पट्ट्या ग्लुकोज डिहायड्रोजनेजवर चालतात आणि त्यांतल्या काही झायलोजलाही ग्लुकोज समजतात. मग तुम्ही ग्लुकोज उरलंय म्हणून वाट पाहत बसता.

एचपीएलसी, म्हणजे प्रत्येक साखर वेगळी मोजणारं यंत्र, जवळ नसेल तर सगळ्यांत खात्रीची परीक्षा वजनकाट्यावर होते. एक लिटरच्या दोन बाटल्या घ्या. दोन्हींत एकाच टाकीतला गाळलेला रस ५०० मिलिलिटर, पीएच ५.५. एकीत सी-५ यीस्ट, दुसरीत बेकरीचं साधं यीस्ट, दोन्ही अर्धा ग्रॅम. तोंडाला एअरलॉक, म्हणजे वायू बाहेर सोडणारं पण हवा आत न घेणारं बूच. दर सहा तासांनी ०.१ ग्रॅमच्या काट्यावर वजन. कमी होणारं वजन म्हणजे उडून गेलेला कार्बन डायऑक्साइड, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅममागे १.०५ ग्रॅम इथेनॉल झालेलं असतं. रसात लिटरला ५० ग्रॅम ग्लुकोज आणि २७ ग्रॅम झायलोज असेल, तर बेकरीच्या यीस्टची बाटली सुमारे ११ ग्रॅम घटून थांबेल. सी-५ ची बाटलीही ११ वर रेंगाळेल, पण मग हळूहळू १६ च्या पुढे जायला हवी. मधले ते पाच ग्रॅम म्हणजे तुम्ही ज्यासाठी जास्त पैसे मोजले ते. ती बाटलीही ११ वर थांबली तर आधी पीएच पाहा, मग तोच रस निम्मा पातळ करून पुन्हा लावा. पातळ केल्यावर चाललं तर दोष रसातल्या आम्लाचा. तरीही नाही चाललं तर पाकिटाचा.

जंतूंचा त्रास याच दुसऱ्या टप्प्यात होतो. यीस्ट संथ, टाकी कोमट, पीएच ५.५, आणि झायलोज समोर वाढून ठेवलेलं: लॅक्टिक जिवाणूंना याहून सोयीचं काय हवं? त्यांतल्या काही जाती झायलोज आवडीने खातात. अॅसेटिक आम्ल फारसं नसताना पीएच आपोआप ४.५ च्या खाली घसरला आणि वासात आंबूस ताकाची झाक आली, तर यीस्टवर शंका घेऊ नका, पाइपचे कोपरे आणि नमुना घ्यायची तोटी उघडून पाहा. प्रत्येक बॅचनंतर २ टक्के कॉस्टिक सोडा ८० अंशांवर फिरवणं आणि मग वाफ, याला पर्याय नाही.

उन्हाळ्याबद्दल सगळे घाबरवतात. हे यीस्ट ३२-३३ अंशांवर खूश असतं, ३६ च्या पुढे झायलोजचा टप्पा आधी कोलमडतो. मे महिन्यात बाहेर ४५ असताना हे कसं जमायचं? जमतं, आणि आपल्या घरातला कूलर जसा मे मध्ये गारवा देतो आणि जुलैत नुसता चिकचिकाट करतो, तसंच कूलिंग टॉवरचं आहे. कोरड्या हवेत बाष्पीभवन जोरात होतं, पाणी छान थंड होतं. खरी पंचाईत पावसाळ्यात, हवा दमट असताना. तेव्हा टाकीवर भार कमी ठेवा किंवा चिलर लावा. मे मध्ये अडचण पाण्याची असते, टॉवरमधून रोज उडणारं पाणी विहिरीला परवडेल का, ते आधी मोजा. आणि वीज गेली की ढवळणं थांबतं, लिग्निन तळाला बसतं, त्याखाली यीस्ट दबतं. जनरेटर निदान ढवळ्याला आणि फिरत्या पाण्याला तरी हवा.

एक मोह टाळा. दह्याच्या विरजणासारखं मागच्या टाकीतलं यीस्ट पुढच्या टाकीला लावायचं मनात येतं. मळीत ते जमतं. इथे यीस्ट लिग्निनच्या चोथ्यात मिसळलेलं असतं, वेगळं काढता येत नाही, आणि झायलोजची चपळाई ज्या बदलांमुळे आली ते ग्लुकोजवर पुन्हा पुन्हा वाढवल्यावर टिकतीलच असं नाही. दर बॅचला नवं पाकीट घ्या. एंझाइमच्या खर्चापुढे हा खर्च लहान आहे.

कायद्याची बाजू टाळू नका. हे जनुकबदल केलेले जीव आहेत. पर्यावरण संरक्षण कायद्याखालच्या १९८९ च्या नियमांप्रमाणे त्यांच्या वापराला मंजुरी लागते, आणि इथेनॉल करायला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना. शेतकरी गटाने शेडमध्ये ड्रम लावून करायचं हे काम नाही. डिस्टिलेशन कॉलमच्या उष्णतेत यीस्ट मरतं, पण नमुन्याच्या बाटल्या, सांडलेला फेस आणि फसलेली टाकी ८० अंशांवर अर्धा तास ठेवल्याशिवाय नालीत जाऊ देऊ नका. उरलेला चोथा बॉयलरला चांगला जळतो, तो गुरांसमोर टाकू नका. आणि इथेनॉलची ज्योत भर उन्हात दिसत नाही. गळती आहे तिथे ज्योत दिसत नाही म्हणून जवळ जाणं जिवावर बेततं.

घेताना विक्रेत्याकडून तीन गोष्टी कागदावर मागा: घराणं कुठलं, जनुकं गुणसूत्रात बसवलेली आहेत की सुट्या प्लास्मिडवर (गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या कड्यांवर), आणि अॅसेटिक आम्ल लिटरला ५ ग्रॅम असताना पीएच ५.५ ला झायलोज किती तासांत संपतं. शुद्ध झायलोजच्या पाण्यावरचा आलेख दाखवला तर त्याला तुमच्या पऱ्हाटीचा पाच लिटर रस द्या आणि त्यावर करून दाखवायला सांगा. पाकिटं ४ ते १० अंशांवर ठेवा. एप्रिलमध्ये पत्र्याच्या गोदामात चार दिवस राहिलेला खोका स्वस्तात मिळाला तरी परत पाठवा. दाबल्यावर विटेसारखं घट्ट न लागता मऊ पडलेलं पाकीट म्हणजे आत हवा शिरली. तेवढं एक बाजूला काढा आणि आधी बाटलीत लावून पाहा.